मागच्या चाकाची चाकोरी

वाचकहो, गळीत हंगाम सुरू झाला की तुमच्याही गावातून दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस जात असतील, आणि तुमच्याही गावात एखादं अडचणीचं वळण असेल. ट्रॅक्टर आला की त्या वळणावरची माणसं कुठं उभी राहतात, हे जरा डोळ्यांपुढं आणा. बहुतेक जण आतल्या कोपऱ्याला, भिंतीला पाठ लावून उभे राहतात. ट्रॅक्टरचं तोंड बाहेरच्या अंगानं वळतंय, मग आत आपण सुखरूप, असा त्यामागचा विचार. मीही तसंच धरून चाललो होतो, आणि मी तर पोटासाठी ट्रॅक्टर चालवणारा माणूस.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या कवठेमहांकाळ तालुक्यातलं. म्हैसाळ योजनेचं पाणी येण्याआधी आमच्याकडं ऊस म्हणजे पाहुण्यांच्या गावाला जाऊन खायची वस्तू. पाणी आलं, ऊस आला, आणि बैलगाडीसाठी पडलेल्या वाटांवरून ट्रॅक्टर धावू लागले. मारुतीच्या देवळापुढं आमचा रस्ता एकदम डावीकडं काटकोनात वळतो. आतल्या कोपऱ्यावर दगडी भिंतीचं घर, समोर मोकळं बाजारतळ, पण बाजारतळाच्या कडेनं त्या काळी उघडं गटार होतं. त्यामुळं वळण मोठं घ्यायला जागा नव्हती.

२००८ च्या डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळची खेप. दोन्ही ट्रेलर मोळ्यांनी गच्च. थोरल्या बंधूंचा मुलगा, वय वर्षं तेरा, शाळेतून सायकलीवर येत होता. माझा ट्रॅक्टर बघून तो शहाण्यासारखा खाली उतरला, सायकल भिंतीला लावली आणि तिच्याआड उभा राहिला. मी त्याला हात केला, त्यानंही केला. माझं पुढचं चाक गटाराच्या अगदी काठावरून गेलं, म्हणजे पोरापासून चांगलं लांबून. पहिला ट्रेलर त्याच्यापासून दोन-अडीच हातांवरून गेला. आता वळण झालं म्हणून मी गिअर बदलला, तेवढ्यात मागून किंकाळी आली.

दुसऱ्या ट्रेलरच्या मागच्या चाकानं सायकल भिंतीशी चेपली होती आणि सायकलीत पोराचा डावा पाय अडकला होता.

पाय वाचला. मिरजेच्या दवाखान्यात आत सळई घातली, सहा महिने अंथरुणात गेले, थंडीच्या दिवसांत तो अजूनही किंचित लंगडतो. दवाखान्याच्या दारात आण्णांनी मला एवढंच विचारलं, "तुला दिसला कसा नाही?" मी म्हणालो, "मी त्याच्यापासून लांबून घेतली होती. त्यानं तिथं उभं कशाला राहायचं?"

हे शब्द तोंडातून गेले ते गेले. घरात चूल एक असूनही पुढं दोन-अडीच वर्षं आमचं दोघा भावांचं बोलणं बियाण्यापुरतं आणि पाण्याच्या पाळीपुरतं उरलं. वहिनी ताट वाढायच्या, पण "भावजी, अजून घ्या" म्हणायच्या बंद झाल्या. आणि मला रात्री झोपताना एकच कोडं पडायचं. मी खोटं बोललो नव्हतो. गाडी खरंच लांबून घेतली होती. मग चाक तिथं गेलं कसं?

त्याचं उत्तर मला मिळालं ते २०११ साली. ढालगावकडच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या आणि त्यांची पाती आमच्या गावावरून जायची होती. आठ दिवस आधी माणसं आली, गटारात नळे टाकून ते बुजवलं, बाजारतळावर मुरूम पसरून रोलर फिरवला. मग एका सकाळी ते पातं आलं. सव्वाशे फुटांच्या वरचं, एकसंध, पांढरंशुभ्र. पुढं ओढणारा ट्रक, आणि त्याच्यापासून सत्तर-ऐंशी फूट मागं चाकांची एक बोगी. मधे नुसती लांबच लांब तुळई. सगळं गाव पारावर जमलं होतं. पैजा लागल्या होत्या, कोपऱ्यावरचं घर पडणार म्हणून. मीही तेच म्हणत होतो. दोन ट्रेलर मला त्या वळणावरून नेता आले नव्हते, मग एवढी मोठी तुळई कशी जाणार?

मागच्या बोगीशेजारी एक माणूस चालत होता. गळ्यात पट्ट्याला अडकवलेली एक पेटी, पेटीवर दांडी, आणि पेटीतून बोगीकडं गेलेली वायर. ट्रकनं डावीकडं तोंड वळवलं तसं त्यानं दांडी हलवली, आणि मागची चाकं उजवीकडं वळली. हो, उलट्या दिशेला! माझ्या शेजारचा म्हणाला, "चुकला बघ गडी." पण बोगी भिंतीकडं यायच्या ऐवजी बाहेर बाजारतळावर सरकत गेली, मुरमावरून मोठा फेरा घेऊन हळूहळू रस्त्याच्या ओळीत आली. माणसं बांबूनं विजेच्या तारा वर उचलून धरत होती. पाऊण तास लागला. दगडी घराच्या भिंतीला चाक लागलं नाही.

मी त्या माणसाच्या मागं लागलो. राजस्थानकडचा होता, हिंदी बोलायचा. चहा पाजला, तेव्हा त्यानं मला बोगीखाली वाकून सगळं दाखवलं. त्यातलं मला जेवढं कळलं ते तुम्हाला सांगतो, कारण ते उसाच्या ट्रेलरालाही लागू आहे.

मूळ गोष्ट ही की ओढलेलं चाक पुढच्या चाकाच्या चाकोरीत कधीच येत नाही. ते नेहमी कोपरा आतून कापतं. आपल्या पालखीचं बघा. बोळातून पालखी वळवताना पुढचे भोई वळतात, तेव्हा मागच्या भोयांनी तसंच सरळ त्यांच्या मागं चालायचं ठरवलं तर दांडा कोपऱ्याच्या भिंतीला घासेल. म्हणून मागचे भोई न सांगता दोन पावलं बाहेर पडतात, मग आत येतात. घराचं आढं वाहून नेणारी माणसंही तेच करतात. ट्रेलरच्या मागच्या चाकांना ही अक्कल नाही. ती नुसती हुकाकडं ओढली जातात, आणि ओढलेली वस्तू जवळची वाट धरते. गाडीचं धूड जितकं लांब आणि वळण जितकं आखूड, तितकं हे कापणं जास्त.

जितकं म्हणजे किती, ते आमच्या पुतण्यानं दाखवलं. तो तेव्हा दहावी झाला होता. मी घरी येऊन जेवताना हे सगळं बडबडत होतो, आणि बऱ्याच दिवसांनी तो माझ्याशी आपणहून बोलला. म्हणाला, "तात्या, हे तर आमच्या भूमितीत आहे." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोकळ्या रानात गेलो. मधे खुंटी ठोकली, चाळीस फुटांच्या दोरीनं फक्कीचं वर्तुळ काढलं. ही हुकाची वाट. आता समजा हुकापासून मागच्या चाकांचा एक्सल चोवीस फुटांवर आहे. गाडी असा फेरा घेत राहिली की एक्सल हळूहळू आत ओढला जातो आणि शेवटी एका वर्तुळावर स्थिरावतो. खुंटी, हुक आणि एक्सल यांचा काटकोन त्रिकोण होतो. मोठी बाजू ४०, एक बाजू २४, उरलेली ३२. पोरानं दोरी ताणून मोजली तर बरोब्बर बत्तीस. म्हणजे मागचं चाक पुढच्यापेक्षा आठ फूट आतून गेलं! आठ फुटांत एक अख्खी बैलगाडी मावते.

आपल्या चार चाकी ट्रेलरचं थोडं बरं असतं. त्याची पुढची चाकं दांड्याबरोबर टर्नटेबलवर फिरतात, त्यामुळं एक लांब ओढण्याऐवजी दोन आखूड ओढणी होतात. पण असे दोन ट्रेलर एकामागं एक लावले की प्रत्येकाचं कापणं आधीच्यात मिळत जातं. पहिल्याचं मागचं चाक थोडं आत, दुसऱ्याचं पुढचं आणखी आत, दुसऱ्याचं मागचं सगळ्यांत आत. आम्ही ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाजवळ आणि शेवटच्या ट्रेलरच्या मागच्या चाकाजवळ फक्कीच्या गळक्या पिशव्या बांधल्या आणि देवळापुढच्या वळणाएवढंच वळण रानात घेतलं. दोन पांढऱ्या रेघा उमटल्या. मधलं अंतर साडेचार फूट भरलं.

त्या रेघांकडं बघत मी बराच वेळ उभा होतो. पोर काही बोललं नाही. मीच म्हणालो, "म्हणजे तू बरोबर जागी उभा नव्हतास, आणि मला ते ठाऊक असायला पाहिजे होतं." तो म्हणाला, "मलाही ठाऊक नव्हतं, तात्या." संध्याकाळी मी आण्णांना रानात नेलं आणि रेघा दाखवल्या. त्यांनी आपल्या पावलांनी अंतर मोजलं, दोनदा मोजलं. मग म्हणाले, "चल, दूध काढायची वेळ झाली." त्या रात्री वहिनींनी भाकरी वाढताना विचारलं, "अजून एक?"

आता त्या पेटीवाल्याकडं परत येतो. मागची चाकं वळवायच्या तऱ्हा दोन-तीन आहेत. सगळ्यांत साधी तऱ्हा तुम्ही दवाखान्यात बघितली असेल. रुग्णाला नेतात त्या गाडीची चाकं आपोआप फिरतात ना, तशी. चाक ज्या खुंटीवर फिरतं ती चाकाच्या थोडी पुढं असते, म्हणून चाक खुंटीच्या मागं मागं येतं आणि ओढ ज्या बाजूची त्या बाजूला वळतं. मोठ्या ट्रेलरच्या शेवटच्या एक्सलची चाकं अशी बसवतात. तेल नाही, वायर नाही, माणूस नाही. खोट एकच. गाडी मागं घेतली की ही चाकं भलतीकडं फिरतात. पोराला ऑपरेशनला नेताना मीच ती गाडी ढकलत होतो. दारात थोडी मागं घ्यावी लागली तेव्हा तिची चाकं गर्रकन फिरून गाडी आडवी झाली आणि पोर कळवळलं, ते मला अजून आठवतं. म्हणून ट्रेलरवर अशी चाकं असली तर मागं घेताना ती सरळ करून कुलूपबंद करावी लागतात.

दुसरी तऱ्हा हुकुमाची. ट्रक आणि ट्रेलर जिथं जोडतात तिथं एक फिरणारी तबकडी असते. ट्रकनं तोंड वळवलं की ती फिरते आणि दोन्ही बाजूंचे तेलाचे दट्टे दाबते. ते तेल नळ्यांतून मागं जातं आणि मागच्या चाकांचे दट्टे ढकलतं. पुढं जेवढा कोन, त्या हिशेबात मागं उलटा कोन. काही ठिकाणी तेलाऐवजी लांब लोखंडी सळ्या असतात, काम तेच. पालखीच्या मागच्या भोयाला पुढच्यानं दांड्यातून खूण द्यावी तसं हे. पवनचक्कीच्या गाडीला साध्या रस्त्यावर हीच सोय चालते. फारच आखूड वळण आलं की पुढचा संबंध तोडून मागचा माणूस पेटी हातात घेतो.

मागं स्वतंत्र माणूस बसवणं ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत आग विझवायच्या लांब शिडीच्या गाड्या असतात, त्यांच्या शेपटाला दुसरं स्टिअरिंग असतं आणि तिथं दुसरा चालक बसतो. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत अशा गाड्या आजही आहेत. आपल्याकडचंच बघायचं तर जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून एक अवजड यंत्र चौऱ्याहत्तर चाकांच्या गाडीवर चढवून तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राकडं निघालं आणि जुलै २०२० मध्ये पोचलं. एक वर्ष! मधे टाळेबंदीही आडवी आली. पेपरात ते वाचून लोक हसले. मला हसू आलं नाही. वळणं आणि पूल त्यांनी कसे पार केले असतील, याचाच विचार मनात आला.

तुम्ही विचाराल, मग उसाच्या ट्रेलराला हे का लावत नाहीत? आमचा पुतण्या पुढं आयटीआय करून ट्रेलर बांधणाऱ्या एका वर्कशॉपात लागला. त्यानं मालकाला हेच विचारलं. पुढच्या टर्नटेबलपासून मागच्या एक्सलला तिरकी सळई जोडली तर मागची चाकं उलटी वळतील आणि ट्रेलर बराचसा पुढच्याच चाकोरीत येईल. मोठ्या कारखान्यांच्या आवारात माल ओढायच्या छोट्या गाड्यांना असं केलेलं असतं. मालक म्हणाला, "बाबा, पैसे कोण देणार?" त्याचंही खोटं नाही. प्रत्येक वळणारं चाक म्हणजे जास्तीची पिन, जास्तीचा बुश, जास्तीचं ग्रीस. आपले ट्रेलर फडातल्या चिखलातून निघतात, माल भरताना कुणी टनाचा हिशेब ठेवत नाही. पिना झिजल्या की मागची चाकं स्वतःच्या मनानं वागायला लागतील, आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की ट्रेलर सापासारखा डुलेल. पवनचक्कीच्या गाडीसोबत पुढं-मागं माणसं असतात, आपल्या खेपेला रात्री दोन वाजता चालक एकटाच, त्याचेही डोळे मिटत आलेले. युरोपात मात्र लांब गाडीनं किती जागेत वळलं पाहिजे, याचा नियमच आहे. बाहेरची कड साडेबारा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात राहिली पाहिजे आणि आतली कड ५.३ मीटरच्या आत जाता कामा नये. त्यात बसायचं तर काही गाड्यांना मागची चाकं वळवावीच लागतात.

आणि एक गोष्ट त्या पेटीवाल्यानं निघताना सांगितली, ती माझ्या मनात सगळ्यांत जास्त बसली. मागची चाकं वळवली की धोका जातो असं समजू नका, म्हणाला, तो दुसऱ्या अंगाला जातो. बोगीच्या मागं पात्याचं जे शेपूट उरतं ते वळताना बाहेरच्या बाजूला झाडूसारखं फिरतं. म्हणून तो वळणाआधी आतल्याही माणसांना हाकलत होता आणि बाहेरच्याही. पारावर बसलेली आमची म्हातारी मंडळी त्याच्यावर चिडली होती, तिथून तर पातं चांगलं वीस फूट लांब होतं. पात्याचं टोक पारावरून गेलं तेव्हा ती गप्प झाली.

आपल्या ट्रेलरवर वाढ्यासकट बाहेर लोंबणारा ऊस असतो, त्याचंही थोडंफार असंच आहे. त्यामुळं बाहेर उभं राहा असं मी पोरांना सांगत नाही. वळणावर उभंच राहू नका, वळण संपतं तिथून पुढं वीस-पंचवीस पावलांवर, रस्ता सरळ झाला की कडेला थांबा, असं सांगतो. आणि चालकाला सांगतो की आरशात पहिला ट्रेलर निघालेला दिसला म्हणून गिअर बदलू नकोस.

गटार बुजलं ते बरं झालं. आता तिथं मोठा फेरा घेता येतो. दगडी घराच्या कोपऱ्यापासून साडेपाच फुटांवर आम्ही रस्त्यावर चुन्याची वाकडी रेघ मारतो, साडेचार मोजलेले आणि एक फूट हाताचा. पावसाळ्यात ती धुऊन जाते, म्हणून दरवर्षी दसऱ्याला औजारं पुजली की पुतण्या आणि मी चुन्याची बादली घेऊन जातो. सुरुवातीला गावातली पोरं तिच्यावर लंगडी खेळायची. आता निदान ट्रॅक्टर आला की रेघेच्या आत कुणी थांबत नाही. शेजारच्या दोन गावांनीही आपापल्या वळणावर रेघ मारून घेतली, त्यांचं अंतर त्यांनी आपल्या ट्रेलरवरून मोजलं.

मला आता साठी उलटली. रात्रीच्या खेपा कमी केल्या आहेत, पण हंगामाच्या शेवटी फड संपवायची घाई असली की जावं लागतं. पुतण्या सुट्टीला आला असेल तर देवळापाशी बॅटरी घेऊन उभा राहतो. माझ्या तोंडावर उजेड मारत नाही की पुढच्या चाकावर मारत नाही. शेवटच्या ट्रेलरच्या आतल्या चाकावर मारतो, आणि ते चाक रेघ सोडून पुढं गेलं की मग ओरडतो, "तात्या, जाऊ द्या!"